व्याकरणकार दादोबा आणि माळव्यातील मराठी

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर कवीचे, कादंबरीकाराचे किंवा नाटककाराचे स्मरण व्हावे, हे सर्वांना स्वाभाविक वाटते. व्याकरणकाराचे नाव अशा प्रसंगी सहसा कोणी काढत नाही. कोणत्याही ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदवहीत व्याकरणाची पुस्तके क्वचितच उतरतात. परीक्षा जवळ आल्या की एखादा विद्यार्थी ती मागून नेतो, आणि परीक्षा संपली की परत करण्याचेही विसरतो. तरीही आजच्या व्याख्यानासाठी रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर हा विषय योजला आहे. मराठी मुलांना मराठीतून मराठी शिकविता यावी म्हणून ज्यांनी जन्मभर खटपट केली, त्यांच्यात दादोबांचे स्थान अग्रगण्य आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण खास आपल्या मुलखाचे आहे. दादोबांच्या तारुण्यातील काही वर्षे याच माळव्यात, जावऱ्यास गेली, आणि ही गोष्ट कित्येक इंदूरकरांच्या गावीही नसते.

जावरा हे गाव रतलामच्या पलीकडे, मंदसोरच्या वाटेवर आहे. त्या संस्थानाचा जन्म होळकरशाहीच्या पडत्या काळातला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. पुढे ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली. अमीरखान पेंढाऱ्याचा मेहुणा गफूरखान हा होळकरांच्या पदरी होता. त्याच्याकडे असलेला मुलूख या तहाने त्याच्या घराण्याकडे कायम झाला. तेच पुढचे जावरा संस्थान होय. गफूरखान १८२५ साली वारला तेव्हा त्याचा मुलगा अगदी लहान होता. या अल्पवयीन नवाबाच्या शिक्षणाची व्यवस्था करण्याची वेळ आली, तेव्हा मुंबईच्या नव्या विद्यालयातून तयार झालेला एक तरुण शिक्षक म्हणून जावऱ्यास आला. तो तरुण म्हणजे दादोबा.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईकडील तर्खडचे, व्यापारी पेशाचे. पेशवाई बुडाली तेव्हा ते चार वर्षांचे होते. म्हणजे जुने राज्य त्यांना आठवण्याचे कारण नव्हते आणि नवे राज्य त्यांच्याबरोबरच वाढत होते. संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांचा त्यांचा अभ्यास होता. ते पुण्याचे नव्हते आणि शास्त्रीपणा त्यांच्या घरात वंशपरंपरेने आलेला नव्हता, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. मराठीच्या शुद्धाशुद्धतेचा विषय निघाला की पुण्याच्या शास्त्रीमंडळींचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पण ज्याला पुढे लोक 'मराठीचा पाणिनी' म्हणू लागले, तो मुंबईच्या व्यापारी वस्तीत वाढलेला गृहस्थ होता.

त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यापूर्वी मराठीचे व्याकरण कोणी लिहिलेच नव्हते असे नाही. विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपुराहून मराठीचे व्याकरण छापले होते, परंतु ते इंग्रजीत आणि साहेबलोकांसाठी होते. मराठी रयतेशी बोलता यावे, धर्मप्रसार करता यावा, कारभार चालविता यावा, हा त्याचा हेतू. मुंबईतील शाळापुस्तकांच्या मंडळींनी शास्त्र्यांकडून एक मराठी व्याकरण तयार करविले होते. ते हस्तलिखितातच पडून राहिले आणि छापखान्याचे तोंड त्याला विसाव्या शतकातच दिसले. दादोबांच्याच सुमारास गंगाधरशास्त्री फडके यांचे व्याकरण निघाले, बाळशास्त्री जांभेकर यांचे बालव्याकरणही त्याच काळातले. तेव्हा आद्यत्वाचा मान कोणाकडे जातो हा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. शाळाशाळांतून टिकले ते दादोबांचे पुस्तक, आणि त्यावरूनच मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे शब्द शिकल्या.

आज आपल्याला हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत की त्यामागचे धाडस लक्षात येत नाही. त्या काळी शिकणे म्हणजे संस्कृत शिकणे, फारसी शिकणे किंवा नव्याने आलेले इंग्रजी शिकणे. मराठी ही घरात, बाजारात आणि दफ्तरात चालणारी भाषा. मोडी अक्षर वळणदार यावे, हिशेब करता यावा, पत्राचा मायना चुकू नये, एवढे आले की मराठी आली. जी भाषा आईच्या मांडीवर येते तिचे व्याकरण पुन्हा पंतोजीकडून कशाला शिकायचे, असा प्रश्न त्या काळच्या शहाण्या माणसालाही पडावा. दादोबांचे सारे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर देण्यात गेले असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. ज्या भाषेत कायदा लिहायचा, शास्त्रे उतरवायची, वर्तमानपत्रे काढायची आणि परगावच्या, परजातीच्या, परक्या वळणाच्या माणसाला आपले म्हणणे नेमके कळवायचे, ती भाषा नुसती 'येते' एवढ्यावर भागत नाही. तिचे नियम उघड मांडलेले असावे लागतात. घरच्या वळणाचे शहाणपण ज्याच्या वाट्याला आलेले नाही, त्यालाही पुस्तकातून ते मिळावे, ही शाळेतील व्याकरणाची खरी लोकशाही आहे. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखन-वाचन चालत आले, त्याला व्याकरणावाचून फारसे अडत नव्हते. अडत होते ते इतरांचे.

अर्थात पहिले पाऊल कितीही धिटाईचे असले तरी ते डळमळीतच पडायचे. मराठीसाठी तयार साचे दोनच होते, संस्कृतचा आणि इंग्रजीचा. दोन्हींत मराठी नीट बसत नाही. संस्कृतात नामाला थेट विभक्तीचा प्रत्यय लागतो. मराठीत तसे होत नाही. 'घोडा' या शब्दाला 'ला' लावायचा तर आधी 'घोड्या' व्हावे लागते आणि मग 'घोड्याला' होते. हे मधले रूप, म्हणजे सामान्यरूप, मराठीची खास चीज आहे. इंग्रजीत तर प्रयोगांचा आपल्यासारखा पेच नाहीच. 'राम आंबा खातो' यात क्रियापद रामाच्या मागे जाते, 'रामाने आंबा खाल्ला' यात ते आंब्याच्या मागे जाते, आणि 'रामाने रावणास मारले' यात ते कोणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ उभे राहते. पुन्हा 'रामाने खाल्ला' म्हणणारा मराठी माणूस स्वतःविषयी बोलताना 'मी खाल्ला' एवढेच म्हणतो, तिथे 'ने' लावत नाही. बोलणाऱ्याला हे सारे न शिकविता येते. पण असे का, हे विचारले तर भल्याभल्यांची बोबडी वळते. कर्तरी, कर्मणी आणि भावे या नावांनी आज सातवी-आठवीतला मुलगा जे घोकतो, त्याची घडी बसविण्यात एकोणिसाव्या शतकातील किती बुद्धिमान माणसांची उमेद खर्ची पडली, याची कल्पना त्या काळचे वाद वाचल्यावाचून येत नाही.

दादोबांच्या व्याकरणावर टीकाही कसून झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर जे निबंध लिहिले, त्यांत दादोबांच्या कित्येक मतांची चिकित्सा आहे. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात मागील सर्वच व्याकरणकारांची झडती घेतली, तीतून दादोबा सुटले नाहीत. परंतु दादोबांचे मोठेपण निराळ्या ठिकाणी आहे. १८३६ साली निघालेले पुस्तक त्यांनी तसेच गोठवून ठेवले नाही. १८५० साली दुसरी आवृत्ती काढली, पुढे आणखी आवृत्त्या काढल्या, लहान मुलांसाठी लघुव्याकरण वेगळे केले, आणि १८८१ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, 'मराठी व्याकरणाची पूरणिका' प्रसिद्ध केली. बाविसाव्या वर्षी हाती घेतलेला विषय सदुसष्टाव्या वर्षीही त्यांच्या हातून सुटलेला नव्हता. आपल्याकडे पुस्तक एकदा क्रमिक म्हणून लागले की लेखक त्याकडे वळून पाहत नाही, ही अलीकडचीच रीत नव्हे. म्हणून हे उदाहरण विशेष सांगावेसे वाटते.

त्यांच्या उरलेल्या चरित्राचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. जावऱ्याहून परतल्यावर त्यांनी मुंबईत आणि सुरतेस शिक्षकाचे काम केले. सुरतेस दुर्गाराम मेहताजी यांच्याबरोबर १८४४ साली मानवधर्म सभा काढली. पुढे मुंबईत जातिभेद न मानणारी परमहंस सभा स्थापन झाली, तिच्या मुळाशीही दादोबाच होते. गावोगावच्या शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि व्याकरणाचा खरा प्रसार येथूनच झाला असावा. कारण पुस्तक छापल्याने शाळेत पोचत नाही, ते शिकविणारा माणूस तयार झाला म्हणजे पोचते. १८५२ साली ते अहमदनगरास डेप्युटी कलेक्टर झाले. रावबहादूर ही पदवी त्यांना सरकारी नोकरीतील कामगिरीबद्दल मिळाली; व्याकरणासाठी नव्हे. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी 'यशोदापांडुरंगी' नावाची टीका लिहिली आणि तिच्या नावात आपल्या आईवडिलांची नावे गुंफली. त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले; ते अ. का. प्रियोळकर यांनी चरित्राची जोड देऊन १९४७ साली प्रसिद्ध केले. मराठी गद्याची आवड असलेल्या सभासदांनी ते अवश्य मिळवून वाचावे. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा निवर्तले.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. व्याकरण लिहायचे ते कोणत्या मराठीचे? कोकणातली, देशावरची, वऱ्हाडातली, खानदेशातली, तंजावरची आणि होळकर-शिंद्यांबरोबर उत्तरेत आलेली मराठी एक नाही. एकोणिसाव्या शतकात शाळा, कोश आणि छापखाना यांनी मिळून जी मराठी प्रमाण म्हणून स्वीकारली, तिचा पाया पुण्याच्या आसपासच्या शिष्ट मंडळींच्या बोलीचा होता. त्यामुळे सोयही झाली आणि अन्यायही झाला. हा पेच एकट्या मराठीचा नाही. आफ्रिकेत नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो नावाची भाषा बोलणारे लक्षावधी लोक आहेत. त्यांच्या बोली अनेक. तेव्हा मिशनऱ्यांनी निरनिराळ्या बोलींतून शब्द वेचून एक जोडभाषा सिद्ध केली आणि १९१३ साली तीत बायबल छापले. ती भाषा सर्वांची होती आणि म्हणूनच कोणाच्याच घरची नव्हती. चिनुआ अचेबे या त्यांच्या थोर कादंबरीकाराने तिच्यावर कडक टीका केली. पुढे लिपीचा वाद माजला. एका पंथाच्या शाळांत एक लेखनपद्धती आणि दुसऱ्या पंथाच्या शाळांत दुसरी, असे कित्येक वर्षे चालले. अशा काळात एफ. सी. ओगबालू नावाच्या एका शिक्षकाने १९४९ साली इग्बो भाषा आणि संस्कृतीच्या संवर्धनासाठी संस्था काढली, स्वतः व्याकरणे आणि क्रमिक पुस्तके लिहिली, म्हणी गोळा केल्या, आणि पुस्तके छापण्याचीही सोय उभी केली. लेखनपद्धतीचा तंटा अखेर १९६१ साली मिटला. दादोबा आणि ओगबालू यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. तरी दोघांच्याही पुढ्यात तोच पेच होता, आणि दोघांनीही तो सभेत न सोडविता वर्गातल्या फळ्यावर सोडवायला घेतला.

आता इंदुराकडे वळू. या शहराचे भाषिक जीवन मोठे विलक्षण आहे. १९१७ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष होते गणेश जनार्दन आगाशे. आणि पुढच्याच वर्षी, १९१८ साली, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन येथेच भरले. १९३५ साली तर दोन्ही संमेलने एकाच वर्षी या एकाच शहरात झाली: हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, आणि मराठीचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. दोन भाषांनी एका गावात इतक्या सलोख्याने पाहुणचार घ्यावा, याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन पुन्हा येथे भरले. मुक्तिबोध बंधूंची गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. थोरले गजानन माधव येथल्या होळकर महाविद्यालयात शिकले आणि हिंदीचे युगप्रवर्तक कवी झाले. धाकटे शरच्चंद्र इंदुरात जन्मले आणि मराठीचे कवी, कादंबरीकार व समीक्षक झाले. शरच्चंद्रांच्या एका मराठी कादंबरीचे नाव 'क्षिप्रा' आहे. एकाच घरात दोन भाषांनी आपापली माणसे निवडली. घर मात्र मराठीच बोलत होते.

परंतु हे चित्र समाधानाचे वाटले तरी त्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि आता इंग्रजी, अशा वातावरणात वाढणारी मुले मराठी बोलतात, समजतात, पण वाचीत नाहीत. आणि जे बोलतात ते पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर बोलायला लाजतात. मूल म्हणते, "मी ती पुस्तक वाचली." पाहुणे हसतात. मूल पुढच्या वेळी हिंदीतच बोलते. येथे चूक कोणाची? हिंदीत 'पुस्तक' स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. 'आत्मा' आणि 'अग्नि' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. मुलाने तोच शब्द दोन घरांत ऐकला आणि एका घरचे लिंग दुसऱ्या घरी नेले, यात बुद्धीचा दोष कोठेही नाही. 'तो येऊन राहिला आहे' ही मध्य भारतातील मराठीची सवयही अशीच शेजारातून आलेली आहे.

हसण्याने यातले काही सुधारत नाही. व्याकरण नेमके येथेच उपयोगी पडते. हिंदीत दोन लिंगे आणि मराठीत तीन, एवढे एक वाक्य मुलाला नीट उदाहरणांसह सांगितले, तर वर्षभराच्या टोमण्यांनी जे साधत नाही ते अर्ध्या तासात साधते. उलट, कित्येक ठिकाणी इंदूरच्या मुलाला पुण्याच्या मुलापेक्षा मराठी व्याकरण लवकर कळावे अशी स्थिती आहे. 'राम ने आम खाया' आणि 'राम ने रावण को मारा' ही वाक्ये त्याला येतातच. कर्मणी आणि भावे प्रयोग त्याच्या जिभेवर आधीपासून आहेत. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जातो' यांतील भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला बरोबर घ्यायचे की वगळायचे, तो इंग्रजी माध्यमाच्या मुलाला समजावून सांगावा लागतो. माळव्याच्या हिंदीत 'अपन' आणि 'हम' असल्याने येथल्या मुलाला तो जन्मतःच ठाऊक असतो. दादोबांना जावऱ्यास असताना हे शेजारपण जाणवले की नाही, हे कोणी सांगावे. पण दोन भाषांच्या सीमेवर बसून आपल्या भाषेकडे पाहिले म्हणजे तिचे नियम स्वच्छ दिसतात, हा अनुभव सीमेवरच्या माणसालाच येतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्याचा आनंद इंदुरातही झाला आणि तो होणे योग्यच होते. मात्र तो दर्जा भाषेच्या प्राचीनतेचा आहे. या शहरातील दहा वर्षांच्या मुलाला मराठी ओळ अडखळल्याशिवाय वाचता येते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. तो संबंध ग्रंथालयाशी आहे. शताब्दीच्या निधीतून नवी कपाटे घ्यावीत, जुन्या दुर्मीळ ग्रंथांची बांधणी करावी, या गोष्टी होतीलच. त्यांबरोबर आणखी एका योजनेचा विचार व्हावा. रविवारी सकाळी बालविभागात दोन तासांचा मराठीचा वर्ग ठेवावा. त्यासाठी पुण्याच्या पाठ्यपुस्तकांवर विसंबू नये. हिंदी जाणणाऱ्या मराठी मुलांसाठी मराठीचे एक लहानसे व्याकरण येथेच, सभासदांपैकी निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी मिळून तयार करावे. पन्नास पानांचे पुरेल. त्यात देवनागरी शिकविण्यात पाने खर्च करावी लागणार नाहीत, कारण ती मुलांना येते. 'ळ' आणि 'च', 'ज', 'झ' यांचे दुहेरी उच्चार मात्र सांगावे लागतील. पहिली आवृत्ती सदोष निघेल, ती दोन वर्षांनी सुधारावी, आणि पुन्हा दोन वर्षांनी सुधारावी. पहिला धडा 'पुस्तक' या शब्दाच्या लिंगाचा ठेवता येईल.